वर्गातील आकृती आणि तिचे व्याकरण

(१)

वर्गात आकृत्यांचा उपयोग करावा की नाही, हा प्रश्न आता वादाचा राहिलेला नाही. बालवर्गातील चित्रमय अंकलिपीपासून पदव्युत्तर वर्गातील पडद्यावरच्या स्लाइडपर्यंत आकृतीने अध्यापनाचा मोठा भाग व्यापला आहे, आणि त्याबद्दल खेद मानण्याचेही कारण नाही. तथापि ज्या प्रमाणात आकृत्यांचा वापर वाढला, त्या प्रमाणात त्यांची चिकित्सा मात्र वाढली नाही. चित्र, तक्ता, वृक्षाकृती, नकाशा आणि आलेख या परस्परांहून अगदी भिन्न गोष्टी आपण ‘दृक्‌साधने’ या एकाच नावाखाली गोळा करतो. आकृती सुबक आहे ना, मागच्या बाकावरून दिसते ना, एवढे पाहतो. ती नेमके काय म्हणते, हे सहसा विचारीत नाही.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, वर्गातील प्रत्येक आकृती हे एक विधान असते. वाक्याला जसे व्याकरण असते तसे आकृतीलाही असते. कोणत्या दोन गोष्टी जवळजवळ मांडल्या, कोणती वर आणि कोणती खाली, रेषा कशासाठी आणि रंग कशासाठी, याचे संकेत ठरलेले असतात. आणि त्या संकेतांतून निघणारा अर्थ पुष्कळदा आकृती काढणाऱ्याच्या मनातील अर्थाहून अधिक असतो. शिवाय भाषेपाशी असलेली काही सामर्थ्ये आकृतीपाशी नाहीत. ‘नाही’, ‘बहुधा’, ‘जर-तर’, ‘काहींच्या मते’ हे वाक्याला सहज म्हणता येते. आकृतीला ते म्हणता येणे फार कठीण. त्यामुळे आकृती जे दाखवते ते निश्चयानेच दाखवते. शिक्षकाचे शब्द विस्मरणात गेल्यावरही विद्यार्थ्याच्या मनात आकृती टिकून राहते, हे लक्षात घेतले म्हणजे या उणिवेचे गांभीर्य कळते. भाषेच्या अध्यापनात नित्य आढळणाऱ्या काही आकृत्या घेऊन हे प्रतिपादन तपासून पाहावयाचे आहे.

(२)

आरंभ चित्रापासून करणे सोयीचे. चित्रांच्या आधारे भाषा शिकविणारे पहिले मोठे पाठ्यपुस्तक म्हणून जॉन आमोस कोमेनियस यांच्या ‘ऑर्बिस सेन्शुआलियम पिक्टस’ या १६५८ मध्ये न्यूरेंबर्ग येथे प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाचा उल्लेख केला जातो. प्रत्येक पाठाच्या आरंभी एक चित्र आणि त्याखाली लॅटिन व जर्मन भाषांतील मजकूर, अशी त्याची रचना आहे. कोमेनियस यांची खरी दृष्टी चित्रे छापण्यात दिसते त्याहून अधिक एका लहानशा युक्तीत दिसते. चित्रातील वस्तूंना त्यांनी आकडे दिले आणि तेच आकडे मजकुरातील त्या त्या शब्दांपाशी घातले. चित्र स्वतः होऊन आपले नाव सांगत नाही, ते नाव बाहेरून बांधून द्यावे लागते, हे त्यांनी जाणले होते. याच ग्रंथात माणसाच्या आत्म्याचेही चित्र आहे: ठिपक्यांनी रेखलेली एक मानवाकृती. जे डोळ्यांना दिसतच नाही तेही चित्ररूपात बसविण्याचा मोह केवढा असतो, आणि तसे करताच त्याला देहाचा आकार कसा येतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

आपल्या अंकलिपीत कोमेनियस यांचे आकडे नाहीत. ‘ए’ या अक्षरापाशी एडक्याचे चित्र असते. मूल चित्र पाहते आणि ‘मेंढा’ म्हणते. त्याची दृष्टी बरोबर आहे, शब्दही बरोबर आहे. चुकले आहे ते एवढेच की त्याला ‘म’ हाती लागला आणि तक्त्याला ‘ए’ हवा होता. बाणाच्या चित्राला एखाद्या घरात ‘तीर’ म्हणत असतील. चित्र वस्तू दाखवते, शब्द दाखवीत नाही, हा भेद प्रौढाला क्षुल्लक वाटेल. पण ज्या मुलाच्या घरची बोली पुस्तकाच्या भाषेहून वेगळी आहे, त्याची पहिली ठेच येथेच लागते.

याच तक्त्यात वाचनाचा नियमही वाटेत बदलतो. ‘अ’साठी अननस, ‘क’साठी कमळ, असे चालले असता चित्रातील वस्तूच्या नावाचा पहिला ध्वनी घ्यावयाचा असतो. परंतु मराठीत ‘ण’ किंवा ‘ळ’ शब्दारंभी येत नाहीत. म्हणून ‘ण’साठी बाण आणि ‘ळ’साठी बाळ येते, आणि तेथे शेवटचा ध्वनी घ्यावयाचा असतो. तक्ता हा बदल कोठेही सांगत नाही. तो शिक्षकालाच तोंडाने सांगावा लागतो. आकृतीच्या व्याकरणातील अपवाद आकृतीत लिहिता येत नाही, याचा हा अगदी प्राथमिक दाखला आहे.

(३)

चित्रात साम्य महत्त्वाचे; तक्त्यात स्थान महत्त्वाचे. या दृष्टीने आपल्या वर्णमालेइतका प्राचीन आणि बुद्धिमान तक्ता क्वचितच सापडेल. पंचवीस स्पर्शवर्ण पाच ओळींत आणि पाच स्तंभांत बसविलेले आहेत. ओळी कंठापासून ओठांपर्यंत येतात; स्तंभ अघोष अल्पप्राण, अघोष महाप्राण, घोष अल्पप्राण, घोष महाप्राण आणि अनुनासिक असे चालतात. ‘ब’ हा ‘प’च्या शेजारी का आणि ‘म’ हा त्याच ओळीत का, याचे उत्तर तक्त्यातील जागाच देते. प्रातिशाख्यकारांच्या ध्वनिविचाराचे सार शाळकरी मुलाच्या पाटीवर येऊन बसले आहे, असे म्हणावयास हरकत नाही. दुर्दैव असे की, बहुसंख्य वर्गांत हा तक्ता पाठ म्हटला जातो, वाचला जात नाही. ओळीचा अर्थ काय आणि स्तंभाचा काय, हे न कळता केलेले पाठांतर म्हणजे नकाशा तोंडपाठ करण्यासारखे आहे.

परंतु तक्ता वाचावयास शिकविला की त्याची मर्यादाही शिकवावी लागते. हा तक्ता संस्कृतच्या ध्वनींसाठी घडलेला आहे. मराठीत ‘जग’ हा शब्द विश्व या अर्थी उच्चारताना ‘ज’ तालव्य असतो, आणि ‘शंभर वर्षे जग’ या आशीर्वादात तोच वर्ण दंततालव्य असतो. ‘जरा’ म्हणजे वार्धक्य आणि ‘जरा’ म्हणजे किंचित, या जोडीतही हाच भेद आहे. ‘च’ आणि ‘झ’ यांचीही तीच स्थिती. अर्थभेद करणारे दोन ध्वनी तक्त्याच्या एकाच घरात राहतात. ‘म्हैस’, ‘न्हावी’ यांतील महाप्राण अनुनासिकांना काही अभ्यासक स्वतंत्र ध्वनी मानतात. त्यांना तर पाचव्या स्तंभानंतर जागाच नाही. तक्त्यात सर्व घरे भरलेली दिसली की यादी पूर्ण झाली असे पाहणाऱ्याला वाटते. तक्ता ‘एवढेच’ असे बोलून दाखवीत नाही, पण त्याची चौकट ते सुचवीत राहते. मराठी शिकणाऱ्या परभाषक प्रौढाला या दोन ‘ज’कारांचा जो त्रास होतो त्याचे एक मूळ येथे आहे: त्याने तक्ता प्रामाणिकपणे शिकलेला असतो.

(४)

तक्त्याचा दुसरा परिचित प्रकार म्हणजे वाक्यपृथक्करण. ‘लहान मुलांचे कपडे वाळले’ हे वाक्य घेऊ. पृथक्करणाच्या तक्त्यात ‘कपडे’ हे उद्देश्य, ‘लहान मुलांचे’ हा उद्देश्यविस्तार आणि ‘वाळले’ हे विधेय. विद्यार्थ्याला पूर्ण गुण मिळतील. वस्तुतः या वाक्याला दोन अर्थ आहेत. मुले लहान आहेत, हा एक. कपडे लहान आहेत, हा दुसरा. ‘लहान’ हे विशेषण अविकारी असल्यामुळे ते कोणाला लागते हे रूपावरून कळत नाही. ‘मोठ्या मुलांचे कपडे’ आणि ‘मोठे मुलांचे कपडे’ यांत हा घोटाळा होत नाही, हे ताडून पाहावे. तक्ता दोन्ही शब्द एकाच घरात टाकतो आणि संदिग्धता नाहीशी झाल्यासारखी दिसते.

येथे वृक्षाकृतीचे श्रेष्ठत्व स्पष्ट होते. वाक्याचे निकटस्थ घटकांत विभाजन करण्याची पद्धती ब्लूमफील्ड यांच्या १९३३च्या ‘लँग्वेज’ या ग्रंथाने रूढ केली आणि चॉम्स्की यांच्या १९५७च्या ‘सिंटॅक्टिक स्ट्रक्चर्स’नंतर तिची वृक्षाकृती जगभरच्या भाषाविज्ञानाच्या वर्गांत पोहोचली. ‘लहान’ ही फांदी आधी ‘मुलांचे’ या फांदीला जोडली की पहिला अर्थ. ‘मुलांचे’ आणि ‘कपडे’ आधी जोडून मग त्यांना ‘लहान’ जोडले की दुसरा. दोन अर्थांसाठी दोन झाडे. ज्या विद्यार्थ्याने ही दोन झाडे स्वतःच्या हाताने काढली, त्याला संदिग्धता म्हणजे काय हे व्याख्येवाचून समजते.

पण हीच वृक्षाकृती ‘मुलाने पोळी खाल्ली’ या वाक्यापाशी अडखळते. ‘पोळी खाल्ली’ हा एक घटक मानून झाड काढले. आता ‘पोळी मुलाने खाल्ली’ असे म्हणावे. अर्थाचा गाभा तोच, बोलणारा सहज असे बोलतो, परंतु फांद्या एकमेकींना छेदू लागतात. झाडाची प्राथमिक रीत इंग्रजीसारख्या शब्दक्रमाने बांधलेल्या भाषेच्या उदाहरणांवर घडलेली आहे, हे त्यामागचे कारण. तेन्येर यांच्या १९५९ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातील आकृतीत क्रियापद शिरोभागी असते, इतर पदे त्यावर अवलंबून राहतात आणि शब्दांचा उच्चारक्रम आकृतीच्या बाहेर ठेवलेला असतो. तेथे ही अडचण येत नाही. पण ‘पोळी’ हा शब्द पुढे आणल्याने बोलण्यात जो भर येतो, तोही तिच्यातून निसटतो. तात्पर्य, एक आकृती खरी आणि दुसरी खोटी असे नाही. प्रत्येक आकृती एका प्रश्नाचे उत्तर आहे. प्रश्न लपवून उत्तर तेवढे फळ्यावर काढले, की विद्यार्थी त्या उत्तरालाच भाषेचे रूप समजतो.

(५)

येथवरची उदाहरणे बोधाच्या अडचणीची होती. पुढील उदाहरणात विद्यार्थ्याच्या स्वतःविषयीच्या समजुतीचा प्रश्न आहे, म्हणून ते अधिक महत्त्वाचे.

भाषाकुलाची वृक्षाकृती ऑगस्ट श्लायखर यांनी १८५३च्या सुमारास वापरात आणली. एका मूळ भाषेपासून शाखा, शाखांपासून उपशाखा, ही कल्पना तिने इतकी सुलभ केली की आज भाषेच्या इतिहासाचा पाठ तिच्यावाचून होत नाही. श्लायखर यांचेच शिष्य योहानेस श्मिट यांनी १८७२ मध्ये तिला उत्तर दिले. भाषिक बदल पाण्यातील तरंगांप्रमाणे केंद्रापासून पसरतात, शेजारच्या भाषांना स्पर्श करतात आणि त्यांची वर्तुळे एकमेकांवर पडतात, असे त्यांचे म्हणणे. झाडाच्या दोन फांद्या एकदा फुटल्या की पुन्हा भेटत नाहीत. तरंग मात्र भेटतात. पाठ्यपुस्तकांत झाड राहिले, तरंग बहुधा टीपेत गेले.

मराठीच्या बाबतीत ही निवड साधी नाही. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा मराठीतील भेद, म्हणजे ऐकणाऱ्याला वगळणारे आणि सामावून घेणारे सर्वनाम, अनेक अभ्यासक द्राविड भाषांच्या सान्निध्याशी जोडतात. गंपर्झ आणि विल्सन यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेला सांगलीजवळच्या कुपवाडचा अभ्यास तर या विषयात जगभर उद्धृत होतो. तेथे कन्नड, मराठी आणि उर्दू बोलणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिले. शब्द वेगळे राहिले, पण वाक्यरचना इतकी जवळ आली की एका भाषेतील वाक्य शब्दास शब्द ठेवून दुसरीत नेता येते, असे त्यांना आढळले. कुलवृक्षावर कन्नड वेगळ्या झाडावर आहे. कुपवाडच्या बाजारात ती शेजारच्या घरात आहे. झाडावर शेजाऱ्यासाठी रेषा नाही.

त्याहून घातक गोष्ट घडते ती बोलींच्या संदर्भात. फळ्यावर ‘मराठी’ असे खोड काढून त्याला वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी अशा फांद्या फोडल्या, की विद्यार्थी खोड म्हणजे प्रमाण मराठी असेच वाचतो; कारण वर्गात ‘मराठी’ या शब्दाने त्याला तीच भेटलेली असते. मग आकृतीचा अर्थ असा होतो की, मूळ शुद्ध भाषा प्रमाण मराठी आणि त्याच्या आजीची बोली ही तिच्यापासून फुटलेली, थोडी वाकडी झालेली फांदी. हे विधान ऐतिहासिक दृष्ट्या असत्य आहे. बोली प्रमाणभाषेपासून निघालेल्या नाहीत; त्यांच्याच बरोबरीची एक बोली राजकीय आणि शैक्षणिक कारणांनी पुढे येऊन प्रमाण झाली. हे असत्य कोणत्याही शिक्षकाने तोंडाने सांगितलेले नसते. ते आकृतीने सांगितलेले असते, आणि म्हणूनच ते खोडून काढावयास कोणी उभा राहत नाही. त्या फांदीवर बसलेल्या विद्यार्थ्याच्या मनात स्वतःच्या घरच्या भाषेविषयी जी न्यूनतेची भावना रुजते, तिच्या कारणांत या निष्पाप दिसणाऱ्या झाडाचाही वाटा आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

(६)

नकाशाचे व्याकरण आणखी वेगळे. तेथे रंग म्हणजे सत्ता. एका ठिकाणी एकच रंग देता येतो, आणि दोन रंगांमध्ये रेषा पडते. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषासर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ मध्ये निघाला. त्यात कोकणी ही मराठीची बोली म्हणून घेतलेली आहे. पुढे कत्रे यांनी १९४२ मध्ये कोकणीच्या घडणीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. १९७५ मध्ये साहित्य अकादेमीने तिला स्वतंत्र भाषा म्हणून मान्यता दिली. १९८७ मध्ये ती गोव्याची राजभाषा झाली आणि १९९२ मध्ये संविधानाच्या आठव्या अनुसूचीत आली. या क्रमात भाषिक नकाशावरील रंग बदलला. परंतु ज्या दिवशी रंग बदलला त्या दिवशी सावंतवाडीपासून काणकोणपर्यंत कोणाच्याही बोलण्यात काही बदल झाला नाही. बदलले ते वर्गीकरण, आणि त्यामागची समाजाची इच्छा. नकाशा या दोन गोष्टींतील फरक दाखवू शकत नाही.

ग्रियर्सन यांना हे पूर्ण ठाऊक होते. भारतीय भाषा सामान्यतः एकमेकींत हळूहळू मिसळत जातात आणि त्यांच्यामधील सीमारेषा सोयीसाठी मानलेल्या असतात, असा इशारा त्यांनी १९२७च्या प्रस्तावनाखंडात दिला आहे. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, हा इशारा त्यांना गद्यात द्यावा लागला. रेषेला स्वतःविषयी ‘मी सोयीपुरती आहे’ असे म्हणता येत नाही.

(७)

येथे आक्षेप येईल की, आकृत्यांची उपयुक्तता प्रयोगांनी सिद्ध झालेली असता हा छिद्रान्वेष कशासाठी? आक्षेप विचारार्ह आहे. शब्द आणि प्रतिमा अशा दोन वाटांनी आलेले ज्ञान अधिक टिकते, हा पैव्हिओ यांच्या १९७१च्या ग्रंथातील सिद्धांत सुपरिचित आहे. लार्किन आणि सायमन यांनी १९८७ मध्ये दाखवून दिले की, परस्परसंबद्ध माहिती एका जागी आणल्यामुळे आकृती शोधण्याचे श्रम वाचवते. पण आकृती दहा हजार शब्दांच्या मोलाची का असते, असे विचारणाऱ्या त्यांच्या लेखाच्या शीर्षकातच ‘कधीकधी’ हा शब्द आहे. कारण ती वाचण्याची रीत ज्याला ठाऊक आहे त्यालाच हा लाभ मिळतो, असे त्यांचे म्हणणे आहे. हार्प आणि मेयर यांनी १९९८ मध्ये विजेच्या उत्पत्तीचा पाठ घेऊन केलेल्या प्रयोगांत असे आढळले की, आकर्षक पण मुद्द्याला सोडून असलेली चित्रे व तपशील घातल्याने मुख्य कार्यकारणभाव कमी लक्षात राहिला. अर्थात हे संशोधन प्रस्तुत प्रतिपादनाच्या विरुद्ध नाही, त्याला पूरकच आहे.

चित्रभाषेचा विसाव्या शतकातील सर्वांत मोठा पुरस्कर्ता ऑटो नॉयराथ. व्हिएन्नातील त्यांच्या संग्रहालयात १९२५पासून आकडेवारी चिन्हांनी मांडली जाऊ लागली, आणि १९३५पासून ही पद्धती ‘आयसोटाइप’ या नावाने ओळखली जाऊ लागली. संख्या मोठी असेल तर चिन्ह मोठे काढावयाचे नाही, तेच चिन्ह अधिक वेळा काढावयाचे, हा त्यांचा नियम आजही प्रत्येक आलेखकाराने पाळण्यासारखा आहे. कारण चिन्ह दुप्पट उंच केले की डोळ्याला क्षेत्रफळ चौपट दिसते. पण एवढ्या उत्साही पुरस्कर्त्यानेही चित्रभाषेला साहाय्यक भाषाच म्हटले. ती बोलीभाषेची जागा घेईल असा दावा त्यांनी केला नाही.

(८)

यावरून अध्यापनासाठी काही सूचना निघतात. पहिली: आकृती तयार स्वरूपात पडद्यावर आणण्यापेक्षा विद्यार्थ्यांसमोर क्रमाने काढावी आणि प्रत्येक रेषा काढताना ती कशासाठी हे सांगावे. दुसरी: महत्त्वाच्या विषयासाठी एक आकृती कधीच पुरेशी समजू नये. कुलवृक्षाशेजारी तरंगांची वर्तुळे काढावीत. पृथक्करणाच्या तक्त्याशेजारी झाड काढावे. दोन आकृत्या शेजारी आल्या की दोन्ही आकृत्या आहेत, वस्तू नव्हेत, हे न सांगता कळते. तिसरी: आकृतीचे वाक्यांत भाषांतर करून घ्यावे. ही आकृती काय म्हणते, याची तीन वाक्ये, आणि ही आकृती काय म्हणत नाही, याचे एक वाक्य विद्यार्थ्याने आकृतीखाली लिहावे. आकृतीला जो नकार उच्चारता येत नाही तो अशा रीतीने तिच्या पायाशी तरी उभा राहील.

चौथी सूचना परीक्षकांसाठी आहे. ‘सुबक आकृती काढून भागांना नावे द्या’ हा आपल्या प्रश्नपत्रिकांतील चिरपरिचित आदेश आहे. त्यात हाताची परीक्षा होते आणि स्मरणाची होते. वाचनाची होत नाही. त्याऐवजी एकाच विषयाच्या दोन आकृत्या छापून, कोणती कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते आणि कोठे फसवते, असे विचारावे. असा प्रश्न काढणे कठीण आहे आणि तपासणे त्याहून कठीण, हे मान्य करावयास हवे. परंतु जोपर्यंत परीक्षा आकृतीचे वाचन मागत नाही, तोपर्यंत वर्ग ते शिकविणार नाही. आज विद्यार्थ्याच्या हाती वर्गाबाहेरही रोज असंख्य आलेख, नकाशे आणि तक्ते येतात, आणि त्यांपैकी पुष्कळ त्याला काही पटवून देण्यासाठीच काढलेले असतात. ती वाचण्याची सवय त्याला लागावयाची असेल, तर तिचा आरंभ एडक्याच्या चित्राला ‘मेंढा’ म्हणणाऱ्या मुलाला चूक न ठरवता, त्याचे उत्तर बरोबर का आणि तक्त्याला ते का चालत नाही, हे समजावून देण्यापासून करावा लागेल.